ऑटोक्लेव्ह केलेला नायलॉन अळीच्या अंगात काळा का पडतो?

आधी प्रश्न काय होता ते सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बडोद्यातल्या एका एमएस्सीच्या मुलाने प्रोजेक्टसाठी जवळच्या पादरा गावाच्या बाजूच्या शेतातून दिवेल्यावरच्या, म्हणजे एरंडावरच्या उंटअळ्या आणल्या, प्रत्येकीच्या अंगात २ मिलिमीटरचा नायलॉनचा तुकडा सरकवला, अर्ध्या तुकड्यांना बॅक्टेरियाचा अर्क लावला आणि अर्धे ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, कोरे ठेवले. २४ तासांनी बाहेर काढले तर कंट्रोलसुद्धा काळेकुट्ट. गाइड म्हणतात कंटॅमिनेशन, परत कर. मुलगा विचारतोय की मॅडम, किड्यांना अँटिबॉडी नसतात, ते बॅक्टेरिया आणि बुरशीचे ठराविक पॅटर्न तेवढे ओळखतात असं सगळ्या पुस्तकांत आहे, मग नायलॉनवर कुठला पॅटर्न आला, आणि माझं चुकलं कुठे? शिवाय बाकीच्या बिनकण्याच्या प्राण्यांत हे कसं चालतं?

अरे, वाचून हसू आलं, कारण हाच घोळ मी स्वतः घातलेला आहे. २६ वर्षं मी अळ्यांच्या रक्तावरच काम केलंय, आता रिटायर होऊन दांडिया बाजारात घरी बसलेय म्हणून एवढं टाइप करायला वेळ आहे. तर तुझं फार काही चुकलेलं नाही. गाइडही अर्धे बरोबर आहेत. चूक आहे ती पुस्तकातल्या त्या एका ओळीत, कारण ‘परकं ओळखतात’ असं म्हटलं की आपल्याला वाटतं अळीकडे परक्यांची यादी आहे आणि ती यादी बघून ठरवते. यादी आहे, पण ती फार छोटी आहे, आणि नायलॉन त्या यादीमुळे पकडला जात नाही. तो पकडला जातो कारण त्याच्या अंगावर ‘घरचा’ असल्याची खूण नाही, आणि शिवाय तो आत आला तेव्हा तू दार फोडलंस. या दोन्ही गोष्टी यादीपेक्षा वेगळ्या आहेत आणि तुझ्या प्रयोगात तिन्ही एकत्र आल्यात.

आणि गंमत बघ, या विषयाची सुरुवातच तुझ्या कंट्रोलने झालीय. १८८२ साली सिसिलीत, मेसिना गावात मेचनिकॉफ नावाच्या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने स्टारफिशच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले. घरचे सगळे सर्कशीतली माकडं बघायला गेलेले, हा एकटा मायक्रोस्कोप घेऊन बसलेला, आणि डोक्यात आलं की फिरणाऱ्या पेशी जर शरीराचं रक्षण करत असतील तर काट्याभोवती गोळा व्हायला हव्यात. सकाळी बघतो तर झाल्या होत्या. फॅगोसाइटची, म्हणजे परकं गिळणाऱ्या पेशींची, सगळी कल्पना तिथून निघाली, १९०८ साली एहरलिखबरोबर अर्धं नोबेल मिळालं. त्याने काट्याला कुठला बॅक्टेरिया मुद्दाम लावला नव्हता, नुसता काटाच होता. म्हणजे जो रिझल्ट तुला कंटॅमिनेशन वाटतोय त्याच प्रकारच्या रिझल्टवर अख्खं शास्त्र उभं राहिलं.

आता गाइड अर्धे बरोबर का ते. ऑटोक्लेव्हने बॅक्टेरिया मरतो, नाहीसा होत नाही. त्याच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे भिंतीची जाळी असलेलं पेप्टिडोग्लायकन आणि काही बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस, तसेच्या तसे धाग्यावर बसलेले राहतात, आणि अळीचे रिसेप्टर, म्हणजे ओळखणारी प्रोटीन्स, जिवंत बॅक्टेरियाची वाट बघत नाहीत, त्यांना तो तुकडाच पुरतो. काचेची भांडी खरोखर साफ करायची असतील तर कोरड्या ओव्हनमध्ये २५० डिग्रीला अर्धा तास ठेवतात, पण साधा नायलॉन २२० च्या आसपासच वितळायला लागतो, म्हणजे तुझा कंट्रोल त्या अर्थाने कधी कोरा होऊच शकत नाही. म्हणून मी नंतर नायलॉन सोडून काचेची बारीक ओढलेली कांडी वापरायला लागले. बाय द वे, धागा कुठला घेतलास ते लिहिलं नाहीस. उत्तरायणात उरलेला चायनीज मांजा घेतला असशील तर तो आधी फेकून दे, एक तर त्यावर बंदी आहे आणि दुसरं म्हणजे त्यावर काय काय कोटिंग असतं देवाला ठाऊक. मासे धरायची साधी मोनोफिलामेंट गळाची दोरी घे.

माझा घोळ ऐक. एका वर्षी माझे सगळे कंट्रोल असेच काळे यायला लागले, दोन महिने गेले, पाणी बदललं, अळ्यांची बॅच बदलली, हूडवर संशय घेतला, लॅब असिस्टंटवर उगाच चिडले. शेवटी लक्षात आलं की मी प्रत्येक तुकडा अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून मग आत घालत होते, आणि कापूस, गॉज, सेल्युलोजचे फिल्टर यांतून बीटा ग्लुकन सुटतं. बुरशीच्या भिंतीत जे असतं तेच. म्हणजे मी प्रत्येक कंट्रोलला हाताने ‘बुरशी आली, बुरशी आली’ असा बोर्ड लावून आत पाठवत होते. इंजेक्शन बनवणाऱ्या कंपन्यांत एंडोटॉक्सिनची, म्हणजे त्याच एलपीएसची, टेस्ट करणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत असतो, त्यांनाही ग्लुकनमुळे खोटे पॉझिटिव्ह येतात.

त्या टेस्टवरून छोट्या यादीचा मुद्दा छान कळतो, म्हणून तिथे जरा थांबते. १९५६ साली फ्रेडरिक बँगने हॉर्सशू क्रॅबला, म्हणजे तो घोड्याच्या नालेसारखा दिसणारा प्राणी, नावात खेकडा असला तरी कोळी-विंचवांच्या जवळचा, समुद्रातले बॅक्टेरिया टोचले तर त्याचं रक्त अंगातल्या अंगात गोठलं. पुढे जॅक लेविनबरोबर काम करताना दिसलं की त्याच्या रक्तपेशींचा अर्क टेस्ट ट्यूबमध्येसुद्धा एंडोटॉक्सिन लागताच गोठतो. आज लस असो की सलाइन, बाजारात जायच्या आधी या जातीची टेस्ट होते, आपल्या बडोद्याच्या फार्मा कंपन्यांतही. त्या अर्कात दोन वेगवेगळी दारं आहेत, फॅक्टर सी नावाचं प्रोटीन एलपीएस पकडतं, फॅक्टर जी बीटा ग्लुकन पकडतं, आणि दोन्ही दारांतून शिरलेली साखळी शेवटी एकाच ठिकाणी येते, गुठळी. हा प्राणी आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळतो, आणि सिंगापूरच्या लोकांनी फॅक्टर सीचं जीन काढून ते प्रोटीन लॅबमध्ये बनवायची सोय केली म्हणून आता रक्त न काढताही टेस्ट करता येते.

तर यादी म्हणजे हे असं. अळीकडे पेप्टिडोग्लायकन ओळखणारी प्रोटीन्स आहेत, पहिलं सापडलं ते रेशमाच्या अळीतच, जपानमध्ये, १९९६ साली. बीटा ग्लुकन ओळखणारी आहेत, वेगवेगळ्या साखरा पकडणारी लेक्टिन्स आहेत. गल्लीतल्या कुत्र्याचं बघ, त्याला प्रत्येक चोराचा चेहरा ठाऊक नसतो, पण पाठीवर गोणी आणि हातात काठी दिसली की तो भुंकतो, मग तो माणूस चोर असो की भंगारवाला. गोणी ही अशी गोष्ट आहे जी चोराला टाकून देता येत नाही, तसंच बॅक्टेरियाला भिंत टाकून देता येत नाही, भिंत सोडली तर तो मरेल. कोट्यवधी वर्षं न बदललेल्या, आणि आपल्या स्वतःच्या अंगात मुळीच नसलेल्या चारदोन गोष्टी धरून ठेवल्या की लाखो जातींचे शत्रू आपोआप जाळ्यात येतात, हे गणित स्वस्तातलं आहे आणि मला नेहमी हुशारीचं वाटत आलंय. चार्ल्स जेनवेने १९८९ साली हीच कल्पना मांडली, तेव्हा पुरावा फारसा नव्हता.

बारकावेही आहेत. फळमाशी सगळ्या बॅक्टेरियांना एकच उत्तर देत नाही, पेप्टिडोग्लायकनमधल्या एका ठिकाणी लायसिन आहे की डीएपी नावाचं त्याचं भावंड, एवढ्या फरकावरून पेशीला इशारा देणाऱ्या दोन साखळ्यांपैकी टोल नावाची धरायची की आयएमडी नावाची ते ठरतं. ग्राम पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असा भेद आपण रंग लावून करतो, माशी रंग बघत नाही, म्हणून बॅसिलस ग्राम पॉझिटिव्ह असूनही डीएपीवाला म्हणून दुसऱ्या रांगेत जातो. आणि तू जर तुझ्या अर्कासाठी बाजारातलं एलपीएस वापरलं असशील तर एक सांगून ठेवते, माशीत ‘एलपीएसमुळे झालं’ असं जे वर्षानुवर्षं छापलं गेलं त्यातलं बरंचसं एलपीएसच्या बाटलीत मिसळलेल्या पेप्टिडोग्लायकनमुळे होतं असं नंतर निघालं. हॉर्सशू क्रॅबचं खरं ते माशीचं खरं नाही.

टोलबद्दल पोरं कायम एक घोळ घालतात. १९९६ साली हॉफमनच्या स्ट्रासबूर्गच्या लॅबने दाखवलं की टोल बिघडलेल्या माश्या ॲस्परजिलस बुरशीने अक्षरशः केसाळ होऊन मरतात, २०११ च्या नोबेलात ते काम आहे. मग सगळे लिहितात की टोल बुरशी ओळखतं. नाही रे. माशीचं टोल स्वतः काहीच ओळखत नाही. ओळखणारी प्रोटीन्स बाहेर रक्तात फिरत असतात, त्यांनी काही पकडलं की कात्री चालवणाऱ्या एन्झाइम्सची रांग सुरू होते, शेवटी श्पेत्सलं नावाचं प्रोटीन कापलं जातं आणि तो कापलेला तुकडा टोलला जाऊन सांगतो. आपल्या अंगातला टीएलआर ४ हा टोलसारखा रिसेप्टर मात्र साथीदार घेऊन थेट एलपीएसला बसतो. नाव एक, घराणं एक, पण काम वेगळं.

आता नायलॉन. समजा तुझा धागा देवाच्या दयेने शंभर टक्के स्वच्छ आहे, पेप्टिडोग्लायकन नाही, ग्लुकन नाही. तरीही तो घेरला जाणार. मी हे इतक्यांदा बघितलंय की डोळे मिटले तरी दिसतं. अर्ध्या तासाने काढला तर धाग्यावर इथे तिथे गोल दाणेदार पेशी चिकटलेल्या असतात, ग्रॅन्युलोसाइट, आणि त्यातल्या काही फुटून दाणे बाहेर टाकलेले असतात, धाग्यावर धुळीसारखा थर दिसतो. मग दुसऱ्या पेशी येतात, प्लाझ्मॅटोसाइट, त्या आल्या की पसरतात, पोळी लाटल्यासारख्या चपट्या होतात, एकीवर एक थर चढतो, ४ तासांत धागा रुईच्या वातीसारखा जाडसर झालेला असतो आणि तोवर रंग अजून फिका पिवळटच असतो. काळा नंतर पडतो. हे लक्षात ठेव, याच्यावर परत येते.

ते पहिले ग्रॅन्युलोसाइट का चिकटले? अळीच्या अंगातला प्रत्येक अवयव, आतडं असो, चरबी असो, श्वासनळी असो, बाहेरून एका पातळ पडद्याने मढवलेला असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. हिमोसाइट, म्हणजे अळीच्या रक्तपेशी, दिवसभर याच पडद्याला घासत फिरतात आणि त्यांना काही होत नाही. फळमाशीत अवयवाचा तुकडा दुसऱ्या अळीत बसवून बघितलं गेलंय, पडदा शाबूत असेल तर पेशी त्याला हात लावत नाहीत, पडदा फाडला तर त्याच माशीच्या जातीचा तुकडासुद्धा घेरून टाकतात. म्हणजे खूण परकेपणाची नाही, घरच्या खुणेचा अभाव हीच खूण. त्यावर पृष्ठभागाची रसायनं येतात, चार्ज कसा आहे, रक्तातली कुठली प्रोटीन्स त्यावर आधी जाऊन बसतात. सोयाबीनवरच्या एका उंटअळीत वेगवेगळ्या रासायनिक गटांचे मणी टोचून बघितलेत, काही प्रकारचे मणी झटक्यात घेरले गेले, काहींकडे पेशींनी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि जे झुरळ घेरतं ते टोळ घेरेलच असं नाही. त्यामुळे ‘नायलॉन परका आहे’ असं सरसकट वाक्य रिपोर्टमध्ये लिहू नकोस, ‘या अळीच्या पेशींना हा पृष्ठभाग परका आहे’ असं लिही.

याचा सगळ्यात भारी पुरावा आपण नाही, गांधीलमाशीच्या जातीच्या परजीवी कीटकांनी दिलाय. त्या अळीच्या अंगात अंडं घालतात. बाहेरून आलेलं, मोठं, गुळगुळीत अंडं, खरं म्हणजे लगेच घेरलं जायला हवं. केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्टने अशा एका जातीत दाखवलं की मादीच्या अंडाशयातून थेट काढलेली अंडी अळीत टोचली तर घेरली जातात, पण नळीतून पुढे उतरलेली, तिथला लेप बसलेली अंडी सुटतात. काही जातींनी तर आणखी पुढची चलाखी केलीय, अंड्याबरोबर विषाणूसारखे कण सोडतात, ते अळीच्या हिमोसाइटमध्ये शिरून त्यांची पसरायची ताकदच मोडतात, आणि हे कण सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजाने पोटात घेतलेल्या एका खऱ्या विषाणूचे वारस आहेत. विचार कर, छोट्या यादीवरच सगळं चाललं असतं तर अंड्याला लेप लावायची गरजच नव्हती, अंड्यावर कुठे पेप्टिडोग्लायकन आहे?

तिसरी गोष्ट दार फोडल्याची. सुईने भोक पाडलंस की पेशी फुटल्या, पडदा फाटला, आणि तेवढ्यानेच फिनॉलऑक्सिडेज नावाचं काळं करणारं एन्झाइम सुरू होतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं म्हणून आपण ते पाण्यात टाकतो ना, रसायन जवळपास तसंच, फिनॉलचं क्विनोन होतं, क्विनोनचं मेलॅनिन. अळीच्या पायाचं टोक कापून निघालेला पिवळसर हिरवा थेंब स्लाइडवर ठेव, चहा होईपर्यंत तो कडेने करडा व्हायला लागतो आणि मग काळा. तिथे कुठला शत्रू होता? शिवाय माशीत पर्सेफोनी नावाचं एक एन्झाइम आहे, ते बुरशीचं अंग ओळखतच नाही, बुरशी आत घुसताना जी प्रोटीन कापणारी एन्झाइम्स सोडते त्यांनी याला कापलं की हे जागं होतं. चोर न बघता कुलूप तुटल्याचा आवाज ऐकून उठायचं, असा प्रकार.

म्हणून तुझी खरी अडचण ही की तू काळेपणा मोजलास आणि त्याला ओळख म्हणालास. काळेपणा हा साखळीचा शेवट आहे, तिथे जखम, ग्लुकन, नायलॉन सगळे एकाच डब्यात येऊन बसतात. ओळख पहिल्या तासात होते आणि ती बिनरंगाची असते.

बाकीच्या प्राण्यांचं विचारलंयस, तर थोडक्यात, कारण त्यात पडलं तर रात्र होईल. सगळे अपृष्ठवंशी एकाच छापाचे नाहीत. गांडुळाला दुसऱ्या जातीच्या गांडुळाच्या कातडीचा तुकडा लावला तर तो नाकारला जातो. एच. व्ही. विल्सनने १९०७ साली जिवंत स्पंज रेशमी कापडातून गाळून सुट्या पेशी केल्या तर त्या परत एकत्र येऊन त्यांचा स्पंज झाला, आणि दोन जातींच्या मिसळल्या तर आपापल्या जातीत गेल्या. सागरी अर्चिनचा, म्हणजे त्या गोल काटेरी समुद्री प्राण्याचा, जीनोम २००६ साली वाचला तेव्हा टोलसारखी २२२ जीन्स निघाली, माणसाची १०. माशीच्या डीस्कॅम नावाच्या एका जीनपासून कागदावर ३८,०१६ प्रकारची प्रोटीन्स होऊ शकतात आणि त्यातली काही हिमोसाइटमध्येही दिसतात, त्यावरून ‘किड्यांची अँटिबॉडी’ अशा मोठमोठ्या गोष्टी झाल्या, मला व्यक्तिशः त्या अजून पटलेल्या नाहीत. गोगलगाईतल्या एफआरईपी नावाच्या ओळखणाऱ्या प्रोटीन्सचं काम जास्त भरीव आहे, ते वाच. विषाणूंसाठी तर वेगळंच खातं, डायसर नावाचं एन्झाइम दुपदरी आरएनए धरून त्याचे तुकडे करतं.

आता काम. परत कर, पण असं कर. एका गटात नुसती सुई टोचून काढायची, काही ठेवायचं नाही, हा जखमेचा कंट्रोल, तो तू घेतलाच नव्हतास. दुसऱ्यात २५० डिग्रीला भाजलेली काच, तिसऱ्यात तीच काच अर्क लावून. नायलॉन ठेवायचाच असेल तर चौथा गट म्हणून ठेव, कंट्रोल म्हणून नको. प्रत्येक गटातून १ तास, ४ तास आणि २४ तासांनी काढ, पहिल्या दोन वेळांना पेशी मोज, शेवटच्याला इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रे व्हॅल्यू, म्हणजे काळेपणाचा आकडा, घे. थोड्या अळ्यांना फिनाइलथायोयुरिया देऊन बघ, त्याने काळेपणा थांबतो पण पेशींचे थर चढलेले दिसतात, आणि तो एक फोटो व्हायवात तुझं अर्धं काम करेल. ते विषारी आहे, ग्लोव्ह्ज घाल, पावडर नसलेले. सगळ्या अळ्या एकाच वयाच्या घे, शेवटच्या अवस्थेतल्या पण कोषाला न टेकलेल्या, कात टाकायच्या वेळी पेशींची संख्या बदलते. पानं ताजी दे, उपाशी अळी नीट काळं करत नाही. टोचायच्या आधी १० मिनिटं बर्फावर ठेव.

आणि टेबलावरची कापसाची बरणी आधी उचलून कपाटात ठेव.